ठेवायचे कोणते, काढायचे कोणते? रेकॉर्डिंगच्या बॉक्सविषयी वाचकांचे प्रश्न

टीव्हीचे कार्यक्रम साठवून ठेवणाऱ्या सेट-टॉप बॉक्सविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत रेकॉर्डिंग कसे लावावे असे विचारणारे फार थोडे निघाले. ते आता घरातील शाळकरी मुलालाही जमते; खरी अडचण बॉक्स भरल्यावर सुरू होते. काय ठेवावे, काय काढावे, कोणी काढावे आणि काढलेले परत मिळते का, याच प्रश्नांभोवती बहुतेक पत्रे फिरतात. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. बॉक्स निरनिराळ्या कंपन्यांचे असल्यामुळे बटणांची आणि पर्यायांची नावे थोडीफार वेगळी दिसतील, परंतु आतली व्यवस्था बरीचशी सारखी असते.

प्रश्न : आमच्या सासूबाई दरवर्षी नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरला पायी जातात. निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या दोन मालिका रेकॉर्डला लावून ठेवायला सांगितल्या आणि आम्ही त्या लावल्या. वारीनंतर त्या काही दिवस मोठ्या लेकीकडे राहून महिनाभराने परतल्या, तेव्हा दोन्ही मालिकांचे सुरुवातीचे बरेच भाग यादीत नव्हते. मुलांनी मधल्या काळात रेकॉर्ड केलेले क्रिकेटचे सामने मात्र जागच्या जागी होते. कोणीही काही डिलीट केलेले नाही, असे घरातील सर्वजण शपथेवर सांगतात. मग हे भाग गेले कुठे? — एक वाचक, पैठण

उत्तर : घरातील कोणावरही संशय घेऊ नका. हे भाग बॉक्सने स्वतःच काढले असावेत, आणि तशी मुभा त्याला रेकॉर्डिंग लावतानाच मिळालेली असते. रेकॉर्डिंग लावताना पडद्यावर एक लहानसा पर्याय येतो व घाईत आपले त्याकडे लक्ष जात नाही : हे रेकॉर्डिंग ‘मी डिलीट करेपर्यंत’ ठेवायचे की ‘जागा लागेपर्यंत’ ठेवायचे. एकेक भाग न लावता संपूर्ण मालिका एकदम लावली, तर पुष्कळ बॉक्स दुसरा पर्याय गृहीत धरतात. हार्ड डिस्क भरत आली की या गटातील सर्वांत जुने रेकॉर्डिंग आधी जाते, मग त्याच्या नंतरचे, आणि असे करत नव्या रेकॉर्डिंगपुरती जागा मोकळी केली जाते. सासूबाईंनी अजून पाहिलेच नसलेले भाग त्यात गेले, कारण पाहिलेले आणि न पाहिलेले असा भेद अनेक बॉक्स करत नाहीत. त्यांच्यासाठी फक्त तारीख महत्त्वाची. सामने मुलांनी एकेक करून लावले असणार, त्यामुळे ते ‘मी डिलीट करेपर्यंत’ या गटात गेले आणि वाचले.

आता एवढी जागा भरली कशी, हे पाहू, कारण उपाय त्यातच आहे. एखादी एचडी वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने येते असे धरले, तर एका सेकंदाला १ मेगाबाइट, म्हणजे तासाला ३.६ जीबी जागा लागते. अर्ध्या तासाचा एक भाग १.८ जीबीचा होतो. आठवड्यात सहा भाग या हिशेबाने महिन्याला साधारण २६, दोन मालिकांचे मिळून ५२ भाग, आणि त्यांना सुमारे ९४ जीबी. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये एवढे सहज मावायला हवे. परंतु मराठी वाहिन्यांवर रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी पुन्हा दाखवला जातो, हे आपणा सर्वांना माहीत आहे. वाहिनीने कार्यक्रमपत्रिकेत भागाचा क्रमांक किंवा ‘पुनःप्रसारण’ अशी खूण पाठवली नसेल, तर बॉक्सला नवा भाग आणि जुना भाग वेगळा ओळखता येत नाही. मालिकेचे नाव जुळले की तो प्रत्येक वेळी रेकॉर्ड करतो. प्रत्येक भाग दोनदा पुन्हा दाखवला गेला, तर ९४ जीबीचे २८० जीबी होतात. त्यावर एकदिवसीय सामने! दोन्ही डाव आणि मधली विश्रांती धरून एक सामना आठ तासांचा, म्हणजे जवळपास २९ जीबी. एका सामन्याच्या जागेत मालिकेचे सोळा भाग बसतात.

या विषयात जुन्या यंत्रांनी एक चांगला पायंडा पाडला होता. १९९९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘टिव्हो’ या रेकॉर्डरमध्ये, एकदा रेकॉर्ड झालेला भाग २८ दिवसांच्या आत पुन्हा दाखवला गेला, तरी मालिकेच्या रेकॉर्डिंगमध्ये तो पुन्हा न घेण्याची व्यवस्था होती, मग पहिली प्रत डिलीट केलेली असली तरी चालेल. आपल्याकडील बॉक्समध्ये असे काही आहे यावर मात्र विसंबून राहू नका. पुष्कळ ठिकाणी उलटाच अनुभव येतो : सकाळी भाग पाहून डिलीट करावा आणि दुपारच्या पुनःप्रसारणात तोच भाग पुन्हा यादीत येऊन बसावा.

म्हणून दैनंदिन मालिकेसाठी नावाने रेकॉर्डिंग लावू नये, वेळेने लावावे. वाहिनी, सोमवार ते शनिवार, आणि रात्रीची ठरलेली वेळ एवढेच बॉक्सला सांगावे. पुनःप्रसारणाचा प्रश्नच उरत नाही. यात एक उणीव राहते : रविवारचा तासाभराचा महाएपिसोड निसटतो आणि वाहिनीने मालिकेची वेळ बदलली तर भलताच कार्यक्रम रेकॉर्ड होतो. महाएपिसोडची जाहिरात चार-पाच दिवस आधीपासून सुरू असते, तेव्हा तो वेगळा लावून घ्यावा. पालखी निघण्याच्या आदल्या दिवशी यादी उघडून सर्वांत लांबीचे कार्यक्रम आधी काढावेत, एकेक मालिकेचा भाग काढत बसू नये. चार सामने काढले की वर केलेल्या हिशेबाने चौसष्ट भागांची जागा होते. मग सासूबाईंच्या दोन्ही मालिकांना ‘मी डिलीट करेपर्यंत’ हा पर्याय द्यावा, आणि जो सामना पुन्हा पाहायची शक्यता नाही, त्याला ‘जागा लागेपर्यंत’ द्यावा. असे केले म्हणजे जागा कमी पडलीच, तर कोणाचे आधी जावे हे घरातल्या माणसांनी ठरवलेले असेल.

सासूबाई परतल्यावर पाहिलेला भाग त्यांनी स्वतःच काढावा, असे आम्हाला मनापासून वाटते. ज्याने पाहिले त्यानेच काढायचे, ही रीत एकत्र कुटुंबात फार उपयोगी पडते. त्यासाठी त्यांना तीन गोष्टींतील फरक नीट दाखवावा लागेल. यादीतील एका भागावर जाऊन डिलीट केले तर तो एकच भाग जातो. मालिकेच्या नावाच्या फोल्डरवर उभे राहून डिलीट केले तर आतले सर्व भाग जातात. आणि मालिकेचे रेकॉर्डिंग रद्द केले तर जुने भाग राहतात, परंतु उद्यापासून नवे येत नाहीत. पडद्यावर या तिन्ही वेळी इंग्रजीत येणारा प्रश्न साधारण सारखाच दिसतो आणि घाईत ‘यस’ दाबले जाते. त्या इंग्रजी ओळी जशाच्या तशा एका चिठ्ठीवर उतरवून प्रत्येकीपुढे मराठीत अर्थ लिहावा आणि ती चिठ्ठी रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टीने लावून द्यावी. दोन-तीन दिवस कोणी शेजारी बसले तर सरावाला वेळ लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे डीडी फ्री डिशचा साधा बॉक्स असून त्याला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावलेला आहे. शेतात जाताना किसान वाहिनी रेकॉर्डला लावून जातो आणि रात्री पाहतो. एका रेकॉर्डिंगचे दोन-तीन तुकडे होतात. त्यातील एक तुकडा मुलाने कॉम्प्युटरवर डिलीट केला, तर बॉक्स बाकीचेही दाखवेना. शिवाय पेनड्राइव्ह सारखा भरतो. जुने कार्यक्रम काढून टाकायला मन होत नाही, कारण त्यातील माहिती उपयोगाची असते. गटातील शेतकऱ्यांना हे कार्यक्रम दाखवले तर चालेल का? — एक शेतकरी वाचक, परभणी तालुका

उत्तर : तुकडे पडणे हा बिघाड नाही. पेनड्राइव्ह बहुधा ‘फॅट ३२’ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. वाहिनी सेकंदाला ४ मेगाबिटने येत असेल तर तासाला १.८ जीबी होतात, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास पहिली फाइल भरते आणि बॉक्स दुसरी उघडतो. या तुकड्यांच्या शेजारीच बॉक्स एक छोटी माहितीची फाइल ठेवतो. कोणता तुकडा पहिला, कोणता दुसरा, कार्यक्रम किती वेळाचा, हे त्यात नोंदलेले असते. कॉम्प्युटरवर मधलाच तुकडा काढला की नोंद आणि प्रत्यक्ष फाइली यांचा मेळ बसत नाही आणि बॉक्स संपूर्ण रेकॉर्डिंग नाकारतो. उरलेले तुकडे सहसा शाबूत असतात; कॉम्प्युटरवर ‘व्हीएलसी’सारख्या प्रोग्रॅममध्ये ते चालवून पाहा. यापुढे डिलीट करायचे ते बॉक्सच्याच यादीतून करावे. रेकॉर्डिंग सुरू असताना पेनड्राइव्ह उपसू नये, हेही मुलाला सांगून ठेवावे.

याच हिशेबाने ३२ जीबीत जेमतेम सतरा तास मावतात. दिवसभर वाहिनी लावून ठेवल्यास दोन दिवसांत तो भरणारच. कार्यक्रमाच्या वेळा पाहून तेवढेच रेकॉर्ड केले तर जागाही वाचेल आणि रात्री नेमके शोधतानाचा वेळही वाचेल.

जुने काढायला मन होत नाही, हे आपले म्हणणे आम्हाला पूर्ण पटते. परंतु शेतीच्या कार्यक्रमांतील सर्व माहितीचे आयुष्य सारखे नसते, आणि निवड त्यावरून करता येते. हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव यांचे रेकॉर्डिंग आठवड्यानंतर काहीच कामाचे नसते. ते पाहिले की काढावे. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीनची पेरणी, मोसंबीच्या बागेला ताण देणे, शेततळ्याचे अस्तरीकरण, असे हाताने करून दाखवलेले काम पुढच्या हंगामातही तसेच लागते, म्हणून ते ठेवावे. कीड आणि औषधांचे कार्यक्रम यांच्या मध्ये येतात. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनवर शंखी गोगलगाय आली, तेव्हा ती ओळखायची कशी आणि सायंकाळी गोळा करायची कशी, हे ज्यांनी पाहून ठेवले त्यांना ते आजही उपयोगी पडेल. परंतु औषधाचे नाव आणि मात्रा जुन्या रेकॉर्डिंगवरून कधीही घेऊ नये. शिफारशी बदलतात, काही औषधांवर बंदी येते. फवारणीपूर्वी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची चालू शिफारस किंवा कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा. या एका मुद्द्यावर आम्ही आग्रही आहोत, कारण चुकीच्या मात्रेने पीकही जाते आणि फवारणाऱ्याच्या जिवालाही धोका होतो.

ठेवायचे कार्यक्रम पेनड्राइव्हवर ठेवू नयेत. फ्री डिशच्या अनेक साध्या बॉक्सवर झालेले रेकॉर्डिंग साध्या व्हिडिओ फाइलसारखेच असते आणि कॉम्प्युटरवर उतरवता येते. तेथे पीक, विषय आणि महिना-वर्ष असे नाव देऊन ठेवले की पुढे दोन वर्षांनीही लगेच सापडते. नाव देण्याचे काम त्याच आठवड्यात उरकावे, कारण बॉक्सने दिलेल्या नावात केवळ वाहिनी आणि वेळ असते, आणि अशा चाळीस फाइली साचल्या की कशात काय आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गटाला दाखवण्याविषयी : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने प्रसारण करणाऱ्याच्या हक्काचा भंग होत नाही, असे म्हटले आहे. आपण घरी पाहता तो वापर यात स्वच्छ बसतो. तिकीट लावून किंवा ग्रामपंचायतीच्या पटांगणात पडद्यावर दाखवणे ही निराळी गोष्ट आहे. तसे करायचे असल्यास दूरदर्शनला लेखी विचारून घ्यावे. दूरदर्शनचे अनेक कार्यक्रम यूट्यूबवर त्यांच्याच अधिकृत वाहिनीवर असतात. गटाला त्यांची लिंक पाठवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

प्रश्न : आमच्या बॉक्सची डिस्क ९६ टक्के भरल्याचे दिसते, परंतु यादीत चारच कार्यक्रम आहेत. आमच्याकडे लाइट वारंवार जाते. बॉक्स बिघडला असे समजावे का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : कारण आपल्या पत्रातच आहे. रेकॉर्डिंग सुरू असताना लाइट गेली, तर चित्र डिस्कवर उतरलेले असते, परंतु त्याची नोंद यादीत व्हायची राहून जाते. नोंद नाही म्हणून ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपल्याला काढता येत नाही. जागा मात्र अडलेली राहते. पहिला उपाय म्हणजे बॉक्स रिमोटने बंद न करता मागचे बटण किंवा प्लग काढून काही मिनिटांनी पुन्हा सुरू करणे. सुरू होताना बॉक्स डिस्क तपासतो आणि अशी बेवारस रेकॉर्डिंग्ज पुष्कळदा मोकळी करतो. या वेळी पडद्यावर बराच वेळ काहीच न दिसल्यास घाईने पुन्हा प्लग काढू नये. एवढ्याने भागले नाही तर डिस्क फॉरमॅट करणे हाच मार्ग उरतो आणि त्यात ते चार कार्यक्रमही जातात, म्हणून आधी ते पाहून घ्यावेत. डिस्कचा काही भाग, चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याच्या सोयीसाठी बॉक्स नेहमीच राखून ठेवतो. त्यामुळे सर्व काही काढल्यावरही पूर्ण जागा मोकळी दिसणार नाही.

टीव्हीला इन्व्हर्टर असेल तर बॉक्सचा प्लगही त्यावरच घ्यावा. टीव्ही बंद आणि बॉक्सचे रेकॉर्डिंग सुरू, असे अनेकदा असते. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की रेकॉर्डिंगचा लोभ सोडून प्लग आणि छत्रीकडून येणारी केबल दोन्ही काढून ठेवावीत. जोराच्या पावसात डिशवर येणारा सिग्नल क्षीण होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चित्राचे चौकोन पडतात. बॉक्स ते दुरुस्त करू शकत नाही, आणि असे फुटलेले रेकॉर्डिंगही चांगल्या रेकॉर्डिंगएवढीच जागा घेते. पावसाच्या दुसऱ्या दिवशी यादीवर एक नजर टाकून ते काढलेले बरे.

आणखी एक सांगणे भाग आहे. रेकॉर्डरमधली डिस्क चोवीस तास फिरत असते आणि स्वतःही तापते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दिवसांत काचेच्या बंद शोकेसमध्ये, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेला बॉक्स आतून किती तापत असेल, हे झाकणावर हात ठेवला तरी कळते. रुमाल काढा, बॉक्सच्या चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा आणि त्याच्यावर दुसरे काहीही ठेवू नका. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग अडखळत असेल तर डिलीट करून जागा वाढवण्याआधी हे करून पाहावे.

प्रश्न : माझे आजोबा भारूड सादर करत असत. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीवर त्यांच्या पथकाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला आणि तो आम्ही बॉक्सवर रेकॉर्ड केला. आजोबा आता नाहीत. बॉक्स जुना झाल्याने कंपनीचा माणूस तो बदलून नवा देणार आहे. रेकॉर्डिंग बॉक्सला जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे, तेव्हा डिस्क नव्या बॉक्सला जोडली की झाले, असे तो म्हणतो. हे खरे आहे का? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : कृपया यावर विश्वास ठेवून जुना बॉक्स देऊन टाकू नका. पैसे भरून घेतलेल्या डिश सेवेच्या बॉक्सवरील रेकॉर्डिंग सांकेतिक स्वरूपात साठवले जाते आणि ते उलगडण्याची किल्ली सहसा त्याच बॉक्सशी बांधलेली असते. डिस्क कॉम्प्युटरला लावली तरी कार्यक्रम दिसत नाही. नव्या बॉक्सला लावली तर बहुधा तो ‘ही डिस्क फॉरमॅट करावी का?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला होकार दिला की आजोबांचे भारूड गेले. म्हणून घरातील सर्वांना, विशेषतः नवा बॉक्स जोडायला येणाऱ्या माणसाला, ती डिस्क जोडू नये असे स्पष्ट सांगा. शक्य तर ती काढून कपाटात ठेवा.

बदली पंधरा दिवस पुढे ढकला आणि तोवर जुन्या बॉक्सचा रिचार्ज बंद पडू देऊ नका, कारण अनेक सेवांमध्ये रिचार्ज संपल्यावर आधीचे रेकॉर्डिंगही उघडत नाही. यादीत जाऊन त्या कार्यक्रमाला लॉक लावा, म्हणजे तो चुकून डिलीट होणार नाही. त्यानंतर कार्यक्रमाच्या माहितीत दिसणारी वाहिनी, तारीख आणि वेळ लिहून घ्या व त्या वाहिनीला पत्र पाठवून प्रत मागा. तारीख आणि वेळ नेमकी असेल तर शोधणाऱ्याचे काम फार सोपे होते. ‘चार-पाच वर्षांपूर्वीचा कार्यक्रम’ एवढ्यावर कोणी शोधत नाही. पत्रात आपले नाते आणि घरच्या संग्रहासाठी प्रत हवी आहे हे लिहावे.

उत्तर येईपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात खोली अंधारी करून, मोबाइल स्टँडवर पक्का बसवून, टीव्हीच्या पडद्यावरून संपूर्ण कार्यक्रम चित्रित करून ठेवा. मोबाइल आडवा धरा, पडद्याच्या बरोबर मध्याच्या उंचीवर ठेवा, पंखा बंद करा आणि टीव्हीचा आवाज मध्यम ठेवा. फार मोठा केला तर डफ आणि टाळांचा आवाज फाटतो. चित्र डोळ्यांना बरे दिसते आहे का हे पहिल्या दोन मिनिटांत पाहून मगच पुढे जा. जुन्या बॉक्सला मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन छिद्रे असल्यास, फोटो स्टुडिओत लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारे लोक असतात, त्यांच्याकडे बॉक्स घेऊन जाण्याऐवजी त्यांनाच यंत्र घेऊन घरी बोलवा, कारण छत्रीशिवाय बॉक्स तेथे सुरू होईलच असे नाही. पडद्यावरून चित्रित केले त्यापेक्षा हे चित्र आणि विशेषतः आवाज पुष्कळ स्वच्छ येतो. झालेल्या फाइलीच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्या उघडून शेवटपर्यंत पाहिल्यानंतरच जुना बॉक्स परत करा.

आम्हाला आलेल्या पत्रांपैकी हे पत्र आम्ही सर्वांत आधी हातात घेतले. भारूड, गोंधळ, कीर्तन अशा स्थानिक कलावंतांचे कार्यक्रम वाहिन्यांवर एकदा लागतात आणि पुन्हा सहसा दिसत नाहीत. ज्यांच्या घरी असे काही बॉक्समध्ये आहे, त्यांनी बॉक्स बिघडण्याची वाट न पाहता ते बाहेर काढून घ्यावे. रेकॉर्डरची रचना पाहून सोडून देण्याच्या कार्यक्रमांसाठी केलेली आहे. आयुष्यभर जपायची वस्तू तेथे एकटी ठेवू नये.

प्रश्न : डिलीट झालेला कार्यक्रम परत आणता येतो का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : काही बॉक्समध्ये ‘नुकतेच डिलीट केलेले’ असे वेगळे फोल्डर यादीच्या तळाशी असते; जागा लागेपर्यंत कार्यक्रम तेथे राहतो आणि परत घेता येतो. पैसे भरून घेतलेल्या डिश सेवेच्या बॉक्समध्ये ते फोल्डर नसेल तर घरच्या घरी परत आणता येत नाही. डिलीट केल्यावर केवळ नोंद पुसली जाते आणि चित्र काही काळ डिस्कवर असते, हे खरे. परंतु ते सांकेतिक स्वरूपात असल्यामुळे कॉम्प्युटरवरील फाइली परत आणणारे प्रोग्रॅम येथे उपयोगी पडत नाहीत. तसे करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. कार्यक्रम मालिकेचा असेल तर पुनःप्रसारणाची वेळ शोधा.

प्रश्न : घरात चौघांची चार मते. मालिकेचा शेवट कापला जाऊ नये म्हणून आम्ही प्रत्येक रेकॉर्डिंग पाच मिनिटे आधी सुरू करून दहा मिनिटे उशिरा थांबवतो. तरीही ‘रेकॉर्डिंग होऊ शकले नाही’ असा संदेश येतो, आणि जे होते ते भराभर जागा खाते. त्यातच दोघांनी आपापल्या कार्यक्रमांना लॉक लावून ठेवले आहे. — एक वाचक, लातूर

उत्तर : अर्ध्या तासाच्या भागाला पंधरा मिनिटे जोडली की तो पाऊण तासाचा होतो, म्हणजे दीडपट जागा लागते. मागोमाग असलेले दोन कार्यक्रम त्यामुळे पंधरा मिनिटे एकमेकांवर चढतात. बॉक्स एका वेळी दोनच वाहिन्या रेकॉर्ड करू शकत असेल, तर ती पंधरा मिनिटे दोन्ही मार्ग अडलेले राहतात आणि तिसऱ्याचे रेकॉर्डिंग सुरूच होत नाही. एकाच वाहिनीवर ओळीने लागणाऱ्या मालिका तर साडेसात ते नऊ असे एकच लांब रेकॉर्डिंग म्हणून लावाव्यात. मधला काहीही भाग कापला जाणार नाही. इतर ठिकाणी आधी एक आणि नंतर तीन मिनिटे पुरेशी होतात. क्रिकेटचा सामना मात्र याला अपवाद आहे; त्याला शेवटी तासभर जास्त द्यावा, कारण निकाल नेमका तेव्हाच लागतो.

लॉकविषयी आमचे मत स्पष्ट आहे. लॉक लावलेला कार्यक्रम बॉक्स स्वतः कधीच काढत नाही, त्यामुळे डिस्कचा मोठा भाग लॉकखाली गेला की नव्या रेकॉर्डिंगला जागाच उरत नाही आणि घरातील बाकीच्यांचे कार्यक्रम एकामागून एक चुकत जातात. तो संदेश येण्याचे हेही एक कारण असू शकते. चौघांनी एकदा यादीसमोर बसून प्रत्येकाने लॉकखाली जास्तीत जास्त किती तास ठेवायचे ते ठरवावे. कार्यक्रमांच्या संख्येवर नव्हे, तासांवर ठरवावे, नाहीतर एकाचे पाच भाग अडीच तासांचे आणि दुसऱ्याचे पाच सामने चाळीस तासांचे होतील. डिस्कचा दहावा हिस्सा कायम मोकळा राहील इतपत ही मर्यादा असावी. लॉकचा पिन एकाच्याच हाती न ठेवता सर्वांना माहीत असू द्यावा. पिन विसरला गेला आणि कंपनीने बॉक्स मूळ स्थितीत आणायला सांगितले, तर काही बॉक्समध्ये सगळीच रेकॉर्डिंग्ज उडतात. तेव्हा होकार देण्यापूर्वी डिस्कवरचे काय राहील आणि काय जाईल, हे त्यांना फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे.